पायाशी वाढलेली पोरं

घाटातल्या रानात माणसाची पायवाटही पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या रानजायफळाच्या म्हाताऱ्या झाडाला धनेश पक्ष्याचा भारी वैताग होता. फळ पिकलं की तो गिळायचा आणि बी नेऊन टाकायचा कुठल्यातरी परक्या झाडांच्या गर्दीत.

"मेल्या, माझी पोरं काय वाऱ्यावर पडलीत?" म्हातारी करवादली. "यंदा एकाही फळाला चोच लावायची नाही. सगळी माझ्या पायाशी वाढतील."

"वाढव बाई. तुला सांगून माझी चोच झिजली."

पावसाळ्यात बुंध्याभोवती रोपांची दाटी झाली. मग म्हातारीच्याच पानांवर पोसलेल्या अळ्या खाली उतरल्या. रोपाला रोप खेटलेलं, त्यामुळे त्यांना वाट शोधावीच लागली नाही. थंडी पडेपर्यंत नुसते देठ उरले.

"मागं नेलेलं तुझं एक पोर बिब्ब्याच्या आणि फणसाच्या मधे उभं आहे," धनेश म्हणाला. "पानाला एक भोक नाही. तुझ्या अळ्यांना बिब्बा चालत नाही आणि फणसही नाही. मग तिथवर पोचणार कशा?"



पुढच्या हंगामात फळं तडकली. धनेशानं एक गिळलं आणि तिथंच फांदीवर पंख साफ करत बसला.

"गिळलंस ना?" म्हातारी खेकसली. "मग इथं काय बसलायस मेल्या? ऊठ, लांब जा."