मान वाकवणारं वाचनालय

"वाचनालय बांधा, पण आत शिरलेल्या प्रत्येकाची मान खाली गेली पाहिजे! पहारेकरी नको, हुकूम नको, दटावणी नको. आपोआप वाकली पाहिजे!"

सोनवडीच्या भुजंगराव महाराजांनी भर दरबारात अशी अट घातली. गावाने किती मिनतवाऱ्या करून वाचनालय मागितलं होतं! वर महाराजांनी बजावलं, "जमत नसेल तर त्या जागेवर हत्तीखाना होईल."

मोठमोठे कारागीर आले. एकाने बुटका दरवाजा करून दाखवला. तो पाहायला गेलेल्या महाराजांचंच कपाळ चौकटीवर असं आपटलं, की टेंगूळ आलं! दुसऱ्याने छत इतकं खाली आणलं, की लोक रांगत आत गेले आणि शिव्या देत बाहेर आले.

ठकूबाई कासारीण राणीसाहेबांना बांगड्या भरत होती, तेव्हा हे तिच्या कानावर आलं. ठकूबाईला वाचनाचं भारी वेड! बांगड्या भरायला ज्या घरी जाईल, तिथलं पुस्तक उंबऱ्यावर बसून वाचून काढायची. वाचनालयाच्या जागी हत्ती? तिच्या जिवाची नुसती तगमग झाली. ती तडक महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, मी बांधून घेते वाचनालय!"

"तू? आणि नाही जमलं तर?"

"तर गाव सोडून जाईन."

"कबूल! बोल, दरवाजा किती बुटका करणार?"

"तुमचा हत्ती अंबारीसकट आत जाईल एवढा उंच!"

दिवाणजी पोट धरून हसले.

काम सुरू झालं. ठकूबाईने उजेडासाठी भिंतभर खिडक्या ठेवल्या. म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांऐवजी सोपी चढण केली. पोरांच्या हाताला लागतील अशी फडताळं, बायकांना निवांत टेकता येईल असे ओटे, वर उंचच उंच छत! गवंडी वैतागला.

"अहो बाई, इथे माणूस मान वर करून छत बघत बसेल!"

"तू विटा रच रे बाबा!"

मग तिने राणीसाहेबांना गळ घातली आणि राजवाड्यात कुलपात पडलेली पुस्तकं गाड्या भरभरून आणली. भुतांच्या गोष्टी, चोरांच्या गोष्टी, दूरदेशच्या प्रवासाच्या हकिगती!

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच दारं उघडली. सनई-चौघड्याच्या गजरात महाराज दुपारी आले. आत पाऊल टाकतात तो काय, सगळं गाव मान खाली घालून बसलेलं! महाराजांची छाती फुगली. ते खाकरले. कुणी हलेना. पुन्हा मोठ्याने खाकरले.

"श्श!" कोपऱ्यातून तात्या गुरव म्हणाले. मान वर न करताच!

महाराज लालबुंद झाले. "ठकूबाई! हे मला कुठे वाकलेत? हे पुस्तकात वाकलेत! अट मोडली, बांध तुझं गाठोडं!"

ठकूबाईने पदर खोचला. "जाते महाराज. पण तात्या एवढं वाचतायत तरी काय, ते बघा ना!"

महाराज तात्यांच्या खांद्यावरून डोकावले. पुस्तकात एक न्हावी भुताची दाढी करायला बसला होता आणि भुताला गुदगुल्या होत होत्या! महाराज जरा झुकले. आणखी झुकले. तात्यांनी पान उलटलं.

"अहो थांबा! माझं व्हायचंय!"

"महाराज..." दिवाणजी कुजबुजले, "आपली मान!"

"आता सांगा महाराज," ठकूबाई म्हणाली, "तुम्ही कुणापुढे वाकलात?"

महाराज दचकून ताठ झाले. मग असे खदखदून हसले, की पागोटं घरंगळलं! त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून ठकूबाईच्या हाती ठेवला.

"आजपासून या वाचनालयाची कारभारीण तूच!"

"श्श!" या वेळी अख्खं गाव म्हणालं.

महाराजांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला आणि हसू दाबत तात्यांच्या शेजारी मांडी घातली.