नंदीबैलाची मान

रणपिसेसाहेब म्हणजे पक्षीचित्रण क्लबचे अध्यक्ष. त्यांची नवीकोरी, चार किलोची टेलिफोटो लेन्स दिसली की सुधाकर वैराळेच्या पोटात दुखायला लागे.

त्या सकाळी क्लबचे सगळे दगडखाणीसमोर जमले होते. वरच्या कपारीत शृंगी घुबड बसलं होतं. साहेबांनी मोनोपॉडवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या एकपायी काठीवर, लेन्स चढवली आणि सुधाकरच्या मोनोपॉडकडे बघून ते हसले. त्याच्या टोकाला कॅमेरा बसवायचं जे हेड होतं, त्याची मान फक्त खाली-वर होत असे.

"अरे, हा तर नंदीबैल! माझं बॉल हेड बघ, गोळ्यावर चारी दिशांना वळतं. तुझ्या नंदीबैलाने ही लेन्स पेलली, तर सकाळभर तूच वापर!"

एवढं बोलून साहेबांनी नेम धरायला बॉल हेडचा स्क्रू सैल केला मात्र, लेन्स धाडकन कुशीवर कलंडली. सावरली, तर पुन्हा कलंडली. घुबड डोळे वटारून बघत राहिलं.

सुधाकर पुढे झाला. आपला कॅमेरा जोडून त्याने ती लेन्स नंदीबैलावर बसवली, मान वर केली आणि लेन्सवरचा हात काढून घेतला. ती जागची हलली नाही. डावी-उजवीकडे वळायला त्याने सरळ मोनोपॉडच फिरवला.

दहा-बारा फोटो होताच साहेब चुळबुळले. "बरं, आता दे तो नंदीबैल इकडे."

"साहेब, नंदीबैल धन्याच्याच इशाऱ्यावर मान डोलावतो," सुधाकर कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता म्हणाला. "आणि सकाळ अजून संपायचीय. तोवर तुम्ही चारी दिशा बघा."

सुधाकरची पोटदुखी तिथल्या तिथे थांबली. साहेबांची मात्र सुरू झाली, आणि तीही स्वतःच्याच लेन्सपायी!