शेवट न वाचता दिलेलं पुस्तक

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध ग्रंथपाल होता. सगळं गाव त्याला भाऊ म्हणे. त्याच्या वाचनालयात दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा होता. वाचनालयातली माणसं त्यात निवडक पुस्तकं आणि गाण्यांच्या सीड्या मांडून ठेवत. 'आम्ही हे वाचलं, आम्ही हे ऐकलं, आता तुम्ही न्या,' एवढाच त्याचा अर्थ. लोकांचा त्या कोनाड्यावर भारी विश्वास. आत कपाटं भरून पुस्तकं असत, पण हात आधी तिथं जायचा. दुसऱ्यानं चाखलेलं बरं वाटतं माणसाला.

कोनाड्याचा नियम एकच होता. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असावं आणि गाणी शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकलेली असावीत. हा नियम उगाच आला नव्हता. मागे कुणीतरी अंगाईगीतांची एक सीडी नुसती सुरुवात ऐकून तिथं ठेवली होती. ती एका बाळंतिणीच्या घरी गेली. शेवटी त्यात गोंधळाचा संबळ होता. पोर झोपेतून असं किंचाळत उठलं की सगळी आळी जागी झाली. पोराच्या आजीनं सीडी आणून भाऊंच्या टेबलावर आपटली. "ही तुम्हीच लावा आणि तुम्हीच झोपा!" म्हणाली.

भाऊंच्या हाताखाली सुलभा नावाची शिष्या होती. हुशार आणि कामसू. वाचकाचं तोंड बघून त्याला काय रुचेल हे ती ओळखायची. तिचं बरोबर यायचं, आणि घात तिथंच होता. ज्याचं नेहमी बरोबर येतं, तो एक दिवस बघायचं सोडून देतो.

एके दिवशी रासनेशेठ वाचनालयात आले. पेठेत त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. हंडा ठोकून त्याच्या आवाजावरून पत्रा कसला ते सांगणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना स्वतःचा आवाज फुटत नव्हता. त्यांच्या पत्नीच्या, भागीरथीबाईंच्या, हृदयाची झडप निकामी होत आली होती, चार पावलं टाकली की धाप लागे. जिल्ह्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली होती. बाईला तिची इतकी दहशत, की मागच्या खेपेस ती अनवाणी दवाखान्यातून निघून घरी आली होती. डॉक्टरांनी शेठना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा पळाल्या तर आमच्याकडे आणू नका. उपयोग राहणार नाही."

"बाई, मनाला उभारी येईल असं काहीतरी दे," शेठ सुलभेला म्हणाले. "मी तिला उशाशी बसून वाचून दाखवीन. ऐकता ऐकता तिथं टिकली तर टिकेल."

कोनाडा त्या दिवशी नेमका रिकामा होता. सुलभा स्वतः एक कादंबरी वाचत होती, निम्मी झाली होती. डोंगरातल्या शाळेवर एक मास्तरीण असते, तिला धाप लागते, तरी ती रोज चढण चढून शाळेत जाते. पोरं खोडकर, सरपंच खट, वाचताना हसू यायचं. सुलभेनं विचार केला, हिलाही धाप, तिलाही धाप, आणि मास्तरीण कशी धीराची! तिनं खूण काढली आणि पुस्तक शेठच्या हातात दिलं.

"चांगलं आहे ना?" शेठनी विचारलं.

"फार चांगलं आहे," सुलभा म्हणाली.

खोटं बोलली का? नाही. पण 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. शहाण्या माणसाला तेच तीन शब्द जड जातात.

आठवडा गेला. त्याच कादंबरीची वाचनालयातली दुसरी प्रत बांधणीवाल्याकडून दुरुस्त होऊन आली. दुपारी वाचनालय बंद करून सुलभेनं डबा उघडला आणि राहिलेला अर्धा भाग वाचायला घेतला. घास हातातच राहिला. मास्तरणीची धाप वाढत जाते. तिच्या हृदयाची झडप निकामी निघते. तिला शहरात नेतात, पोरं फाटकापर्यंत पोचवायला येतात, आणि शेवटच्या प्रकरणात ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठतच नाही.

भागीरथीबाईंची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

ती धावत आतल्या खोलीत गेली. "भाऊ, मी घात केला," म्हणाली आणि सगळं सांगितलं. "मी शेठना फोन करते. म्हणते, पुस्तक मिटा."

"मिटा म्हणालीस की ते आधी शेवटचं पान उघडतील," भाऊ म्हणाले. "तुझं कोणी जवळचं तिथं असतं तर तू उघडलं नसतंस? चल. एसटी मिळेल."

प्रवासभर सुलभा खिडकीबाहेर बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. मनात एकच चित्र होतं. शेठ वाचतायत, पान उलटतायत, आणि पुढं काय आहे ते त्या माणसाला ठाऊक नाही. तिनं पिशवीत एक विनोदी कथांचं पुस्तक घेतलं होतं. ती कादंबरी त्यांनी संपवली नसेल ना? शेवट आज सकाळीच वाचला असेल का? बाई पुन्हा अनवाणी निघाली असेल का?

"भाऊ, मी सांगेन की कादंबरी दुसऱ्या वाचकाला हवी आहे आणि ती घेऊन हे पुस्तक देईन. चालेल ना?"

भाऊ कंडक्टरकडून उरलेले पैसे मोजून घेत राहिले.

दिवेलागणीला ते दवाखान्यात पोचले. खोलीच्या दाराशीच सुलभेला शेठचा वाचनाचा आवाज ऐकू आला. कादंबरीतली पोरं फाटकापर्यंत आली होती. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

भागीरथीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा मेणासारखा. दोघांना बघून म्हणाल्या, "या! आज वाचनालयच दवाखान्यात आलं. अहो, खुर्ची द्या की त्यांना. बसा भाऊ. आता थोडंच राहिलंय, आज संपवायचंच म्हणते मी. उद्याचं कुणी बघितलंय?"

"असं अभद्र बोलू नको गं," शेठ म्हणाले. "काही होत नाही तुला."

"बघा. दिवसभर हेच. काही होत नाही, काही होत नाही. हंड्याला कल्हई लावल्यासारखं."

सुलभेनं घाईघाईनं पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं. "काकू, ते जरा दुसऱ्या वाचकाला हवंय. हे घ्या. हे खूप हसवतं."

आणि इथं भाऊंनी जे केलं, ते बघून कुणीही म्हणेल, म्हाताऱ्याला भ्रम झाला. त्यांनी सुलभेच्या हातातलं विनोदी पुस्तक काढून घेतलं आणि पिशवीत परत टाकलं. कादंबरी शेठच्या हातातून घेऊन सुलभेच्या हातात दिली. म्हणाले, "शेठ, तुम्ही जरा चहा घेऊन या. राहिलेलं ही वाचेल."

सुलभेच्या पायाखालची जमीन सरकली. "भाऊ..."

"वाच."

शेठ गेले. सुलभेनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यालाच आवाज घोगरा झाला. गाडी निघाली, शहर आलं, दवाखान्याचा लांब बोळ आला. एकदा वाटलं, हे वाक्य गाळावं. वर बघितलं तर भागीरथीबाई टक लावून तिच्याकडेच बघत होत्या. त्यांनी पलंगाची दांडी धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती.

सुलभा थांबली.

"थांबू नको," बाई म्हणाल्या.

मग तिनं सगळं वाचलं. टेबल वाचलं, दिवा वाचला, आणि दार उघडून बाहेर आलेल्या डॉक्टरांनी मान खाली घातली, तेही वाचलं. पुस्तक मिटलं. खोलीत पंख्याचाच काय तो आवाज.

भागीरथीबाईंनी पांघरूण सारलं आणि पाय खाली सोडले. "मला घरी न्या," म्हणाल्या. "माझ्या चपला कुठायत?"

तेवढ्यात शेठ चहा घेऊन दारात आले. त्यांनी बायकोचे खाली लोंबणारे पाय बघितले, मिटलेलं पुस्तक बघितलं आणि समजले. "भाऊ!" ते ओरडले. "वैऱ्यानं केलं नसतं हो हे! उद्यावर आलंय सगळं आणि तुम्ही..." पुढचं त्यांच्या तोंडून निघेना.

भाऊ भिंतीला टेकून उभे राहिले.

बोलली ती सुलभा. पलंगाजवळ खाली बसली आणि म्हणाली, "काकू, मी हे पुस्तक तुम्हाला शेवट न वाचता दिलं. चुकले. आज दुपारी वाचलं आणि तशीच आले."

"मग फोन करायचा होता. एवढ्या लांब कशाला आलीस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुम्ही हे एकट्या वाचाल, याची."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना रडू फुटलं. शेठ पुढं झाले, "अगं, रडू नको, काही होत नाही," म्हणू लागले, तशा बाई कडाडल्या, "तुम्ही गप्प बसा हो! ह्या पोरीनं आज वाचलं, मी महिनाभर हेच वाचतेय. डोळे मिटले की ते टेबल. तुम्हाला सांगायला गेलं की तुम्ही तोंडावर हात ठेवता. लेक फोनवर देवाची गाणी लावते. कुणी विचारलंय का, भागीरथे, तुला नेमकी कशाची भीती वाटते म्हणून?"

शेठ खुर्चीवर बसले. हातातला चहा खाली ठेवला. खाली मान घालून म्हणाले, "कशाची वाटते गं?"

"मरणाची वाटते, ती वाटतेच. पण तिथं आत सगळे तोंड बांधलेले असतात. ओळखीचं एक तोंड नसतं. अनोळखी माणसांत डोळे मिटायची भीती वाटते. मागच्या खेपेला त्या बोळातूनच मी पळाले."

"मलाही वाटते भीती," शेठ म्हणाले, आणि ते मोठं माणूस ढसाढसा रडायला लागलं.

दोघं बराच वेळ बोलत राहिले. दुकान कुणी बघायचं, लेकीला काय द्यायचं, कुणाशी भांडण मिटवायचं राहिलंय, असलं सगळं अभद्र बोलले. बोलता बोलता बाईंनी पाय पुन्हा वर घेतले. ते कधी घेतले, त्यांच्याही ध्यानात आलं नाही. मग सुलभेला म्हणाल्या, "उद्या त्या दारापर्यंत चलशील माझ्याबरोबर? हे येतील, पण हे माझ्या आधी पडतील."

सुलभेनं मान डोलावली.

बाहेर बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "भाऊ, दुसरं पुस्तक दिलं असतं तर हे सगळं टळलं असतं. तुम्ही मला का वाचायला लावलंत?"

भाऊ म्हणाले, "मुली, तू पुस्तक परत घेतलं असतंस तर त्या बाईनं तुझ्या चेहऱ्यावर शेवट वाचला असता. लपवलेली गोष्ट माणसाला दिसतेच. मग ती त्याला एकट्याला दिसते, आणि तसं एकटं बघणं मरणाहून वाईट. शिफारस म्हणजे काय? मी या वाटेनं टोकापर्यंत जाऊन आलो, तू ये, असं सांगणं. तू अर्ध्या वाटेवर उभी राहून माणूस पुढं ढकललंस. ते झालं ते झालं. मग राहिलेली वाट तिच्यासंगे चालणं एवढंच आपल्या हाती उरलं होतं. भीतीचं पुस्तक वाईट नसतं. ते कुणाच्या तरी हातात कोंबून आपण निघून जाणं वाईट."

"आणि त्या खरंच घरी गेल्या असत्या तर?"

म्हातारा म्हणाला, "तर त्याचं पाप माझ्या माथी. मला काय ठाऊक होतं, त्या राहतील म्हणून? मी भिंतीला टेकलो ते उगाच नाही. पाय उभं राहू देत नव्हते."

सकाळी ढकलगाडी निघाली. तोच लांब बोळ. सुलभेनं भागीरथीबाईंचा हात धरला होता आणि तो हात बर्फासारखा गार होता. बोळाच्या मधोमध बाईंनी एकदा तिचा हात असा आवळला की तिला कळलं, मागच्या खेपेस त्या पळाल्या ती जागा ही. सुलभा 'काही होत नाही' म्हणाली नाही. नुसती चालत राहिली.

दाराशी परिचारिका म्हणाली, "इथून पुढं कुणी नाही."

भागीरथीबाईंनी सुलभेचा चेहरा नीट बघून घेतला, जसं दूरच्या गावी जाणारं माणूस आपलं दार बघून घेतं. आणि स्वतःच हात सोडवून घेतला. "बास," म्हणाल्या. "आता जाईन मी."

बाई जगल्या की नाही, असं तुम्ही विचाराल. जगल्या. पण त्याचं श्रेय डॉक्टरांचं. सुलभेला जे समजायचं ते तिथं, त्या मिटलेल्या दारासमोर समजलं होतं.

तुम्हीही रोज कुणाला तरी काहीतरी सुचवता. एखादं पुस्तक, एखादं गाणं, एखादा उपाय. सुचवा की. पण आपण जिथपर्यंत गेलो नाही तिथं माणूस पाठवला असेल, तर आधी पायात चपला घाला आणि त्याच्या मागं निघा.