म्हाळूने माडबंदरला होकार नेला

भोळ्या माणसाच्या गोष्टीत आधी गाव सांगायची रीत आहे, म्हणून सांगतो. गाव कोरडेवाडी, घाटावरचं. तिथं एक भोळा होता, त्याचं नाव म्हाळू. बाकीचे सगळे शहाणे होते. इतके शहाणे, की एकमेकांचं कधी ऐकायचे नाहीत. मग सल्ला द्यायचा कुणाला? म्हाळूला. तो नुसता ऐकायचा नाही, जसं सांगाल तसं करून दाखवायचा. सल्ल्याची खूणगाठ बांधावी, असं त्याला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून नवा सल्ला मिळाला की तो खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारायचा. आणि नवी गाठ मारली की जुनीचं काम संपलं, असं धरून चालायचा.

म्हाळूची थोरली बहीण येसू. तिला माडबंदरचं स्थळ आलं होतं. मुलगा विश्राम परब. तो तिला बघायला आला तेव्हा कप हातातून निसटला आणि सगळा चहा त्याच्याच पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. येसूला हसू आवरेना. मग तोही हसला. आधी बघून गेलेल्या सगळ्यांनी तिला भाकरी थापता येते का, असं विचारलं होतं. यानं विचारलं, "तुम्हाला समुद्र आवडेल का?" येसूनं समुद्र पाहिला नव्हता, पण तिला हा माणूस आवडला. मनापासून आवडला.

परबांनाही मुलगी पसंत पडली. निघताना विश्रामचे वडील, आबा परब, म्हणाले, "आमच्या बाजूनं ठरलं. तुमचा होकार शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा. त्या दिवशी दुसरं एक स्थळ यायचं आहे. तुमचा होकार आला, तर त्यांना चहा पाजून वाटेला लावू."

होकार फोनवरही कळवता आला असता. आईनं आठवडाभर फोन लावला. माडबंदरला फोन वाजतो. तो उचलायचाही असतो, हे तिकडे अजून कुणाच्या कानावर गेलेलं नाही. शिवाय मुलीचा होकार तिच्या भावानं घेऊन जायचा, ही कोरडेवाडीची रीत. येसूला भाऊ एकच होता आणि तो म्हाळू होता.

शनिवारी पहाटे येसूनं त्याला समोर बसवलं. "म्हाळ्या, तिथं जायचं आणि 'आमाला पसंत हाय' एवढंच बोलायचं. दुसरं काय बोलू नगंस. माझ्या जल्माचा प्रश्न हाय."

"बरं, तायडे," म्हाळू म्हणाला आणि त्यानं पंच्याला गाठ मारली.

तो एस.टी.ला निघाला, तर वाटेत गुणाजीअण्णा भेटले. अण्णा हे माडबंदरचे जाणकार. पूर्वी एकदा तिथं लग्नाला गेले होते. पहिल्याच जेवणात मासे बाधले आणि लग्न होईपर्यंत ते खोलीतच पडून राहिले. त्यामुळे त्या शहराबद्दल त्यांची मतं एकदम पक्की होती.

"पोरा, पैल्यांदा चाललायस म्हनून सांगतो," अण्णा म्हणाले. "तिथं घाई करनारा मानूस परका म्हनून लगीच वळखू येतो. मंग त्याला लुबाडत्यात. कुनी कायबी इचारलं, तर म्हनायचं, बघू की, सावकाश."

"हे बरं झालं सांगितलंत," म्हाळू म्हणाला आणि त्यानं गाठ मारली.

बसमध्ये कंडक्टर आला. "तिकीट?"

"बघू की, सावकाश."

"कुठं जायचंय?"

"बघू की, सावकाश."

कंडक्टरनं घंटी मारली आणि बस भर घाटात थांबली. "उतर खाली."

"बघू की," म्हाळू म्हणाला. तेवढ्यात बसमधल्या लोकांना त्याची कीव आली. म्हणजे बस थांबून उशीर होत होता. त्यांनी म्हाळूच्या खिशातून पैसे काढले आणि शेवटच्या थांब्याचं तिकीट घेतलं. सुदैवानं तो माडबंदरच होता.

कंडक्टर वैतागून म्हणाला, "अरे, काही कळत नसेल तर निदान चार लोक काय करतात ते बघावं आणि तसं करावं."

"हे आधी सांगायचं की," म्हाळू म्हणाला आणि त्यानं गाठ मारली.

बस माडबंदरला पोचली तेव्हा दुपार झाली होती. माडबंदर मोठं शहर आहे. तिथं महानगरपालिका आहे, बंदर आहे, दीपस्तंभ आहे आणि अर्धा बांधलेला उड्डाणपूल आहे. उरलेला अर्धा सावकाश होईल. तोवर झालेल्या अर्ध्यावर लोक सुकट वाळत घालतात. दुपारी जेवणं झाली की सगळं शहर झोपतं. दुकानदार फळ्या लावून झोपतो आणि ज्याला फळ्या लावायचाही कंटाळा आहे तो तसाच झोपतो.

स्टँडबाहेर रिक्षांची रांग होती आणि प्रत्येक रिक्षात मागच्या सीटवर रिक्षावाला झोपलेला होता. म्हाळूनं चार लोक काय करतात ते पाहिलं. मग तो एका रिक्षात पुढच्या सीटवर चढला, हँडलवर पाय टाकले आणि झोपला. उन्हं कलल्यावर रिक्षावाल्याला जाग आली. स्वतःच्या जागेवर परका माणूस घोरतोय हे पाहून त्याला राग आला, पण माडबंदरचा राग. त्यानं आधी आळस दिला.

"काय रे, ह्यो काय प्रकार?"

"चार लोक करतात तसं केलं," म्हाळू म्हणाला. "मला परबांच्या घरी जायचंय."

"मग असा झोपूचा नसता. माणूस झोपलेलो दिसलो, तर हळूच त्याच्या खांद्याक हात लावूचो, हलवूचा आणि विचारूचा, काका, येतास काय?"

"हे आधी सांगायचं की." म्हाळूनं गाठ मारली. "काका, येतास काय?"

"परबांकडे? छे. थंय उतार असा. जाताना बरा वाटता, येताना चढ लागता. तू चालत जा. सरळ समुद्राकडे."

म्हाळू चालू लागला. थोडं पुढं गेल्यावर एका अंगणात लोक गप्प बसलेले दिसले. मधोमध एक म्हातारे गृहस्थ आडवे होते. डोळे मिटलेले, अंगावर पांढरी चादर, गळ्यात हार. म्हाळूला वाटलं, एवढे लोक ताटकळलेत आणि कुणी उठवत कसं नाही? तो गर्दीतून वाट काढत गेला. म्हाताऱ्यांच्या खांद्याला हात लावला, हलवलं आणि विचारलं, "काका, येतास काय?"

काकांनी उत्तर दिलं नाही. उत्तर काकांच्या पुतण्यानं दिलं, तेही म्हाळूच्या पाठीत. दोन-तीन पुतणे होते. सगळ्यांनी आपापलं उत्तर दिल्यावर एक पोक्त माणूस मध्ये पडला.

"अरे शहाण्या, माणूस गेलाय. अशा ठिकाणी हात जोडावेत. म्हणावं, फार चांगला होता, अशानं जायला नको होतं. आणि पुढं होऊन खांदा द्यावा. काही रीतभात?"

"हे आधी सांगायचं की," म्हाळू पाठ चोळत म्हणाला आणि त्यानं गाठ मारली.

पुढं बंदर लागलं. होड्या नुकत्याच आल्या होत्या. माडबंदरात एवढी एकच गोष्ट वेळेवर होते, कारण ती भरतीवर आहे, माणसांवर नाही. धक्क्यावर बायकांचा घोळका जमला होता आणि मोठमोठ्यानं ओरडत होता. म्हाळूला वाटलं, रडारड चालली आहे. मध्ये एक भलीमोठी सुरमई आडवी ठेवलेली, डोळे उघडे. म्हाळूचं मन भरून आलं. त्यानं हात जोडले.

"फार चांगला होता," तो म्हणाला. "अशानं जायला नको होतं."

मग त्यानं पुढं होऊन सुरमईला खांदा दिला. दुसरा खांदा द्यायला कुणी येईना, म्हणून त्यानं ती एकट्यानं उचलली आणि मान खाली घालून तो चालू लागला. मागं वळून तो एवढंच म्हणाला, "पुतणे कुठं आहेत? चला की."

पुतणे नव्हते, पण फुलाबाय होती. सुरमई तिची होती. तिनं म्हाळूचा पंचा धरून त्याला मागं ओढलं.

"मेल्या, ठेव खाली. तू गिऱ्हाईक असंस की चोर?"

"मी येसूताईचा भाऊ," म्हाळू म्हणाला.

फुलाबायनं सुरमई त्याच्या खांद्यावरून उतरवली. मग तिचा आवाज थोडा खाली आला. "गिऱ्हाईक कसो वागता, ता तरी शिक. आधी कल्ले उघडून बघूचे, लाल असत काय. बोटान दाबूचा, मांस वर येता काय. मग वास घेवचो. आणि ताजो आसलो तरी ताजो म्हणूचो नाय. नाक मुरडूचा, शिळो म्हणूचा आणि चालू लागूचा. मागे वळान बघूचा नाय. मागसून हाक येतलीच. हाक इली की सौदो झालो."

"आणि हाक नाही आली तर?"

"येतलीच. जन्म गेलो माझो ह्याच्यात."

"हे आधी सांगायचं की," म्हाळू म्हणाला. पंच्याला जागा उरली नव्हती, तरी त्यानं कोपऱ्यात एक गाठ मारली.

दिवस मावळायच्या आत तो परबांच्या दारात पोचला. आबा परब ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. म्हाळूला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. "या पाव्हणं. दुसरी मंडळी यायची वेळ झाली, म्हटलं तुम्ही येताय की नाही. विश्राम, अरे बाहेर ये, कोरडेवाडीहून आलेत."

विश्राम लगबगीनं आला. माडबंदरात लगबग कुणी करत नाही. त्यानं केली. सकाळपासून तो तीनदा फाटकापर्यंत जाऊन आला होता. तो लाजत म्हाळूसमोर बसला.

"मग?" आबा हसून म्हणाले. "काय म्हणता? पसंत आहे ना आमचा मुलगा?"

म्हाळू उठला. त्यानं विश्रामचे दोन्ही कान धरून पुढं ओढले आणि मागं वाकून पाहिलं. कान लाल होते. त्यानं गालात बोट रुतवलं. मांस वर आलं. मग मानेजवळ नाक नेऊन वास घेतला. विश्राम नुकताच साबण लावून आंघोळ करून आला होता. ताजा आहे, अगदी ताजा, म्हाळू मनात म्हणाला. तायडीचं नशीब चांगलं.

मग त्यानं नाक मुरडलं. "शिळा आहे," तो म्हणाला आणि चालू लागला.

ओसरीवर झोपाळ्याची कुरकुर थांबली. विश्राम उठून पायरीपर्यंत आला. त्याला विचारायचं होतं, हे येसूनं सांगितलंय का? त्याचा चेहरा पडला होता. त्यानं तोंड उघडलं, पण माडबंदरचा माणूस, शब्दांची जुळवाजुळव करेपर्यंत म्हाळू फाटकाबाहेर पोचला होता.

"राहू दे," आबा म्हणाले. "नको म्हणणाऱ्याच्या मागं लागायचं नसतं. ती आपल्याकडची रीत नाही."

म्हाळू रस्त्यापलीकडे, घराकडे पाठ करून उभा राहिला. मागे वळून बघायचं नव्हतं. एक जीप आली, परबांच्या फाटकाशी थांबली. माणसं उतरली, त्यांच्यासोबत एक मुलगीही. आत दिवे लागले. कपबशा वाजल्या. म्हाळू हाकेची वाट बघत होता. मध्येच त्याला भूक लागली. तरी तो हलला नाही. तायडीच्या जन्माचा प्रश्न होता, आणि तिच्यासाठी तो सकाळपर्यंतही उभा राहिला असता.

माडबंदरात इतक्या वर्षांत कुठलीही गोष्ट एका बैठकीत झालेली नाही. त्या संध्याकाळी एक झाली. आत एकदम हशा पिकला, कुणीतरी मोठ्यानं "दोन्हीकडून पसंत" म्हणालं. आणि थोड्या वेळानं, अगदी सावकाश, हाक आली.

"ओ पाव्हणं," आबा परब फाटकातून म्हणत होते. "अजून इथंच का? दारात आलेला माणूस उपाशी जाऊ नये. या आत, तोंड गोड करा."

म्हाळूची छाती फुगली. फुलाबायनं सांगितलं ते खरं झालं होतं. तो पळत आत गेला. सगळ्यांच्या पाया पडला, पोटभर जेवला, आणि आबांनी दिलेला पेढ्यांचा पुडा पंच्यात बांधून रात्रीची बस धरली.

सकाळी येसू वेशीपर्यंत सामोरी आली होती. तिच्या मागं आई, आणि आईच्या मागं आपलं मार्गदर्शन कामी आलं की नाही हे बघायला गुणाजीअण्णा.

"म्हाळ्या, काय झालं रे?"

"सगळं रीतीनं झालं, तायडे. मला हाक मारून आत नेलं. जेवूबी घातलं." म्हाळूनं पंचा सोडायला घेतला. गाठी इतक्या होत्या की त्याला वेळ लागला. शेवटी पुडा निघाला. "घे. तोंड गोड कर."

येसूनं पेढा तोंडात टाकला. तिचे डोळे भरून आले. आईनं तिथंच उभ्याउभ्या देवाला हात जोडले. गुणाजीअण्णांनीही एक पेढा घेतला आणि म्हणाले, "बघा, माझं ऐकलं म्हनून जमलं."

"व्हय, जमलं," म्हाळू म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत जमलं. आता पुढल्या म्हैन्यात लगीन हाय, आपल्याला समद्यांना बोलावलंय. पोरगी पन मी पाह्यली, तायडे. लई गुणाची हाय."