गुडघ्याचा खडक

ती होडी बघितलीत? इंजिन बंद केलं बघा. आता तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, फळीवर गुडघे टेकेल, काठावरून वाकेल आणि उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात धरेल. मासळी सांडली का, असं मागं एका पाहुण्यानं विचारलं होतं. मासळी नाही हो. या क्रुसाच्या खडकाजवळून जाताना आमच्या कोळीवाड्याची प्रत्येक होडी असंच करते.

बसा या खडकावर. ओहोटी आहे, अजून अर्धा तास तरी पाणी चढत नाही. क्रुसासमोर हे दोन खळगे दिसतात ना, पाणी साचलेले? ते गुडघ्यांचे आहेत, असं सांगतात. लाटांनीही पडले असतील, मी काही शपथेवर सांगत नाही. पण त्यांवर पाय मात्र देऊ नका.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा इंजिनं नव्हती, शीड आणि वल्ही होती. रीत अशी होती की नवी होडी पाण्यात घालायच्या दिवशी मालकानं ओहोटीला अनवाणी इथवर यायचं, क्रुसापुढं गुडघे टेकायचे आणि 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची. मग भरती आली की होडी पाण्यात. तांडेल कितीही मोठा असो, त्या दिवशी त्यानं सगळ्यांदेखत लहान व्हायचं.

बस्त्याव नावाचा तांडेल होता. हाताचा कसबी आणि तोंडाचा फटकळ. त्याची पहिली होडी वादळात फुटली आणि तिच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ गेला. दोन वर्षं खपून त्यानं दुसरी होडी बांधली, पण टेकायला जायचं म्हटल्यावर तो उसळला. "मागच्या होडीला टेकलो होतो ना? काय झालं? या होडीला माझे हात लागलेत, देवाचे नाय. मी कोनापुढं टेकणार नाय."

लोक त्याला गर्विष्ठ म्हणाले. मला विचाराल तर त्याचं काळीज फाटलं होतं, आणि फाटलेलं काळीज माणूस गर्वानंच झाकतो.

घरात त्याची आई होती, कातरीन. तिचे गुडघे कामातून गेलेले. टेकता यायचं, पण कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नसे. तरी देवळात ती बाकावर बसून प्रार्थना करायची नाही. "देवापुढं बसून कसं बोलू?" म्हणायची. प्रार्थना संपली की ती उजवा हात वर करायची. मागं उभा असलेला बस्त्याव पुढं यायचा, वाकायचा आणि तिला उठवायचा. भाऊ गेल्यापासून बस्त्यावानं प्रार्थना सोडली होती, पण आईला उठवायला तो दर रविवारी देवळात यायचा. कातरीनला तेवढं पुरत होतं म्हणे.

त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "नको टेकूस, बाला. तुझ्यावाटचं मी टेकते. तू फक्त मला उठवायला ये."

"येतो," तो म्हणाला.

ती काठी टेकत एकटीच इथवर आली. तिनं गुडघे टेकले. प्रार्थना कितीशी लांब असते? संपली, आणि ती वाट बघत राहिली. मला कधी कधी वाटतं, तिनं मुद्दामच हे असं ठरवलं असावं. क्रुसापुढं तो टेकणार नव्हता, पण आईला उठवायला त्याला वाकावंच लागलं असतं, आणि तेही इथंच.

किनाऱ्यावर घुमट, म्हणजे आमचं मडक्याचं वाद्य, वाजत होतं, जेवणं चालली होती. बस्त्याव दोनदा उठला, दोनदा कुणीतरी धरून बसवला. एवढ्यात भरती लागली, होडीखाली पाणी आलं आणि सगळे ओरडले, "लोटा! लोटा!" लोटायला तोच पुढं. होडी तरंगली, पताका फडफडल्या, आणि 'येतो' म्हटलेलं तसंच राहून गेलं.

होडी या खडकासमोरून गेली, पण तिकडून, लांबून. बस्त्यावानं आईला पाहिलं. ती कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यांवर होती, पण लांबून ती पाण्यात उभी असल्यासारखी दिसली. आणि तिचा उजवा हात वर होता.

आमच्यात वडीलधाऱ्यांना 'बेसांव' म्हणतात, म्हणजे आशीर्वाद मागतात. बस्त्यावाला वाटलं, कुणीतरी तिला उठवलं, आणि आता ती होडीला आशीर्वाद देतेय. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि आनंदानं ओरडला, "बेसांव, आय!" होडीतले सगळेच ओरडले. दर रविवारी तोच हात त्यानं धरला होता हो! त्या दिवशी त्याला ओळखू आला नाही.

खाडीच्या तोंडाला वळसा घालून होडी परत किनाऱ्याला लागली. शेजारची रुझाय धावत आली आणि तिनं एवढंच विचारलं, "आयला कोनी उठवली रे?"

कुणीच उठवलं नव्हतं.

त्यानं होडी मागं फिरवली. पाण्यावर फक्त क्रुसाचे हात दिसत होते. ओहोटी होईपर्यंत तो इथं पाण्यात हात घालून चाचपत राहिला. पाणी उतरलं तेव्हा कातरीन तशीच गुडघ्यांवर होती, क्रुसाला टेकलेली, हात वर. खरंखोटं देव जाणे, पण असं सांगतात. बस्त्यावानं समोर गुडघे टेकले, वाकला आणि तो हात धरला. "ऊठ, आय. मी आलो."

पुढं तो म्हातारा होईपर्यंत दर रविवारी देवळात टेकायचा, पण हात कधी वर करायचा नाही. आपल्याला तो हक्क नाही म्हणायचा. रुझाय आपण होऊन वाकायची आणि त्याला उठवायची. तेव्हापासून आमच्या देवळात टेकलेलं माणूस एकटं उठत नाही. शेजाऱ्यानं हात द्यायचा असतो. आमचे जुने फादर म्हणायचे, देवापुढं टेकायचं आपण, आणि टेकलेल्याला उठवायचं काम देवानं आपल्याच हातांवर सोपवलंय.

आणि आजही इथून जाणारी प्रत्येक होडी थांबते. तांडेल टेकतो, वाकतो, हात पाण्यात धरतो आणि एक 'आमच्या बापा' होईपर्यंत हाताला वजन लागतंय का, ते बघतो. मीही चाळीस वर्षं बघितलं. अजून कुणाच्या हाताला लागलेलं नाही.

चला, पाणी चढायला लागलं. माझेही गुडघे आता तसलेच झालेत. जरा हात द्या. नाही, असं ताठ उभं राहून नाही. वाका.