कोणता शब्द मागे घेऊ?

कणकवलीच्या एका कॉलेजात तेजल भोगटे नावाची मुलगी शिकत होती. स्नेहसंमेलनात तिने प्राचार्य सामंतांची अशी हुबेहूब नक्कल केली की सगळं सभागृह हसून हसून बेजार झालं. दुसऱ्याच दिवशी तिला शिस्तपालन समितीपुढे उभं केलं. शेवटच्या वर्षाची परीक्षा जेमतेम दोन महिन्यांवर आली होती.

“भर सभेत माझा अपमान! हिला कॉलेजातून काढून टाका,” सामंत सर गरजले.

तेजलने विचारलं, “सर, मी बोलले ती वाक्यं कुणाची होती?”

“माझीच! दर सोमवारी मुलांना ऐकवतो मी ती.”

“मग त्यातला अपमानाचा शब्द तेवढा दाखवा. मी तो सगळ्यांसमोर मागे घेते.”

आता सरांनी नावं ठेवायची तर स्वतःच्याच शब्दांना! समितीतल्या परुळेकर मॅडमनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला. ते पाहून सरांनाही हसू आवरेना. त्यांनी तिला काढून टाकण्याचा समोर तयार ठेवलेला आदेश फाडून टाकला.

“जा, अभ्यासाला लाग. पण मी काही इतकं भरभर बोलत नाही हं!”

“बोलता, सर,” अख्खी समिती एका सुरात म्हणाली.