पाठीवरचा भोपळा

नदीकाठच्या एका गावात एक आबा राहत होते. म्हातारे गावात पुष्कळ होते, आबा एकच. भांडण असो की सोयरीक, आबा पारावर बसून सांगायचे आणि गाव माना डोलवायचं. गावाने इतक्या माना डोलवल्या, की आबांना वाटायला लागलं, आपण बोललो म्हणजे ते खरंच असणार.

आबांच्या घरी एक राघू होता. वादळात झाड पडलं तेव्हा ढोलीत तो उघडावाघडा सापडला होता. आबांची नात शेवंता हिने त्याला भिजवलेली डाळ भरवून वाढवलं. आबांनी त्याला एवढंच शिकवलं, की कुणी दारात आलं की म्हणायचं, "या, बसा!" पाहुणे हसायचे, आबा मिशीवरून हात फिरवायचे. आणि दर अमावस्येला कात्री घेऊन राघूचे पंख छाटायचे.

"घरातल्या पाखराला उडून जायचंय कुठं?" ते म्हणायचे. राघूला कुणी विचारलं नव्हतं.

एके दिवशी घरात मांजर शिरलं. राघू पिंजऱ्याबाहेर जमिनीवर हरभरे टिपत होता. त्याने जिवाच्या आकांताने पंख फडफडवले, पण छाटलेल्या पंखांनी तो वीतभरही वर गेला नाही. शेवंताने हातातलं लाटणं फेकून मारलं म्हणून जीव वाचला. शेपूट मात्र मांजराच्या तोंडात गेलं.

शेवंता तशीच आबांच्या झोपाळ्यासमोर जाऊन उभी राहिली. "आबा, पंख असते तर तो आढ्यावर जाऊन बसला असता. आता त्याला कात्री लावायची नाही."

आबा रागावले. पण कात्री फडताळात गेली.

हळूहळू राघूला नवी पिसं आली, हिरवीगार. पण पिसं आली म्हणजे उडता आलं असं थोडंच असतं? रानातल्या पिलाला आईबाप या फांदीवरून त्या फांदीवर बोलावतात. याला बोलावणार कोण? तो पिंजऱ्याच्या दारात यायचा, खाली बघायचा आणि पुन्हा आत जाऊन बसायचा.

"याला बेताबेताने शिकवायला हवं," शेवंता म्हणाली.

"त्यात काय शिकवायचंय?" आबा हसले. "मला माझ्या बापानं पोहायला कसं शिकवलं? उचललं आणि विहिरीत फेकलं! गटांगळ्या खाल्ल्या आणि आलो वर. तुम्हाला सगळं मऊ मऊ लागतं."

ही विहिरीची गोष्ट गावाला पाठ होती. आबा ती बारशाला सांगायचे आणि तेराव्यालाही. कुणाची सून रडत माहेरी गेली, कुणाचं पोर माराला भिऊन शाळा सोडून बसलं, की आबा झोपाळ्याला झोका देत म्हणायचे, "मला माझ्या बापानं..." समोरचा मान खाली घालायचा. रडणारं माणूस गप्प झालं, की आबांना वाटायचं ते शहाणं झालं.

दुसऱ्या दिवशी आबांनी पारावरची मंडळी घरी बोलावली. राघू दारातून ओरडला, "या, बसा!" मंडळी बसली. आबांनी राघूला मुठीत धरलं आणि शिडीने माळ्यावर चढले.

"आबा, नका!" शेवंता धावली. "आरसा उघडा आहे, चूल पेटलेली आहे!"

"बाजूला हो गं. भित्र्यांच्या सावलीत पाखरूही भित्रं होतं."

"आबांनी टाकला म्हणजे उडणारच," मंडळींतला एक म्हणाला. त्याला आबांकडून शेताच्या बांधाचा निवाडा हवा होता.

आबांनी राघूला हवेत भिरकावलं.

राघूने पंख पसरले खरे, पण वळायचं कसं आणि थांबायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. समोर आरशात त्याला मोकळी जागा दिसली. तो सरळ जाऊन आरशावर आदळला आणि चुलीच्या तोंडाशी पडला. शेवंताने हात घालून त्याला ओढून काढलं. तिचं मनगट पोळलं. राघू तिच्या तळव्यात पडून राहिला, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले.

मंडळी छताकडे बघू लागली. आबा शिडी उतरले.

"दम नाही त्याच्यात," ते म्हणाले. "उडता येत नसेल तर पंख ठेवायचे कशाला? आण ती कात्री."

शेवंताने फडताळातून कात्री काढली आणि आपल्या कमरेला खोचली. "नाही देणार."

घरात आबांना 'नाही' म्हणण्याची रीत नव्हती. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "तुझ्या पाठीला भोपळा होता की रे."

आबांची थोरली बहीण, आत्याआजी, तिथे वाल सोलत बसली होती. ती त्या कोपऱ्यात इतकी वर्षं बसत होती, की लोक तिला कोपराच समजायचे.

"कसला भोपळा?" आबा गुरकावले.

"वाळका, पाण्यावर तरंगणारा. मीच चुलीवर टांगून वाळवला होता. आपल्या वडलांनी, अप्पांनी, तो काथ्यानं तुझ्या पाठीला बांधला. गाठ तीनदा ओढून पाहिली. मग आधी स्वतः विहिरीत उतरले, गळ्याइतक्या पाण्यात दोन्ही हात पसरून उभे राहिले. काकांनी तुला वरून सोडलं, तो तू अप्पांच्या हातावर पडलास. गटांगळी एकसुद्धा खाल्ली नाहीस. रडलास मात्र पुष्कळ."

बांधवाल्याला खोकल्याची उबळ आली.

शेवंता आत्याआजीकडे वळली. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तो रंगात येऊन सांगायचा गं. म्हटलं, कशाला मोडता घाला."

"आबांचा रंग राहावा म्हणून आज हा राघू मेला असता."

आत्याआजीने वालाच्या टोपल्यात मान घातली.

त्या दिवसापासून राघूचं बोलणं बंद झालं. दारात कुणीही आलं तरी तो मुका. त्याच्या अंगाचं दुखणं ओसरल्यावर शेवंताने आपलं काम सुरू केलं. आरशावर लुगडं टाकलं. खिडक्यांची कवाडं लावली. मांजराची वाट बुजवली, पाण्याच्या रांजणावर झाकण ठेवलं. चूल पूर्ण विझून राख गार झाल्याशिवाय पिंजरा उघडायचा नाही, असा नियम केला. मग जमिनीवर घरातल्या सगळ्या गोधड्या अंथरल्या आणि स्वतः खाली बसली. पेरूची फोड तळहातावर ठेवून हात पिंजऱ्याच्या अगदी जवळ धरला.

राघू पाऊल टाकून हातावर आला. मग हात थोडा लांब गेला, तर त्याला उडी मारावी लागली. मग आणखी लांब, तेव्हा उडीला पंख जोडावे लागले. चुकला की गोधडीवर पडायचा, अंग झटकायचा. शेवंता हसायची नाही आणि ओरडायचीही नाही.

एकदा तो आढ्यावर जाऊन बसला आणि त्याला उतरता येईना. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे त्याला वर गेल्यावर कळलं.

"काठीनं हुसकाव," झोपाळ्यावरून आबा म्हणाले.

शेवंताने काठीकडे पाहिलंही नाही. तिने भिंतीला शिडी लावली, अर्ध्यावर चढून हात पुढे केला आणि थांबली. डाळ शिजायची राहिली, जेवणं लांबली. राघू हातावर उतरला तेव्हाच ती खाली आली.

पुढे राघू घरभर फिरू लागला. खुंटीवरून कोनाड्यात, कोनाड्यातून शेवंताच्या खांद्यावर, वळणं घेत, हवेत थांबत. पण आबांनी हात उचलला रे उचलला, की तो आढ्यावर. मंडळी यायची, राघूला बघायची, मग आबांना बघायची. विहिरीची गोष्ट आता कुणी ऐकायला मागत नव्हतं.

एका दुपारी आबांनी विचारलं, "काय गं, तो माझ्याकडे का येत नाही?"

"तुम्ही वर बसता म्हणून," शेवंता म्हणाली. तिने आवाज गोड केला नाही. "खाली या. हात पसरा. आणि गप्प बसा."

असं आबांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ झोपाळ्याची कडी धरून राहिले. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, खाली गोधडीवर बसले. दोन्ही हात पुढे पसरले. कोपऱ्यात आत्याआजीचं वाल सोलणं थांबलं.

"अप्पांचे हात असेच होते," ती हळूच म्हणाली.

आबांचे डोळे भरून आले. त्यांनी हात तसेच ठेवले.

आढ्यावरून राघूने मान वाकडी करून खाली पाहिलं. आरशाला धडकल्यापासून मिटलेली चोच उघडली आणि तो म्हणाला, "या, बसा!"

आला मात्र नाही. त्याला घाई नव्हती. आबा हात पसरून बसून राहिले, कारण आता थांबायची पाळी त्यांची होती.

तात्पर्य एवढंच: आम्ही सोसून शिकलो असं पोरांना ऐकवण्याआधी आपल्या पाठीला भोपळा कुणी बांधला होता ते आठवावं, आणि ज्याला उडायला शिकवायचं त्याच्यासाठी आधी स्वतः खाली उतरून हात पसरावे.